तुपाचं बोट

४ फेब्रु., बुध
स्वतःच्या स्वयंपाकघरात केळं उघडं ठेवायची सोय नाही मला. जळगावात राहून! नात दिपू धुळ्याला कॉलेजात चिलटांवर संशोधन करते, घरी आली की त्यांच्या बाटल्या बरोबर. तळाशी कुस्करलेलं केळं, गूळ, त्यात अळ्या. आम्ही जन्मभर चिलटं हाकलली, ही पोसते. "आजी, बूच काढू नको, माझी मंडळी उडतील." मंडळी म्हणे!
काम मात्र... नखाएवढी रबराची वडी, काचेसारखी आरपार. आत बारीक खाच. अळी तिथे अडकते, हलत नाही, मरतही नाही. मग जिवंतपणी तिच्या आत बघायचं. ना डिंक, ना भूल. हे हत्यार दिपूच्या डोक्यातलं. सोमवारी धुळ्याला मोठे सर बघणार. चाललं तर पुढचं काम तिचं, नाही तर दुसऱ्याचं.

६ फेब्रु., शुक्र
दिपूने वडीचा साचा ओट्यावर ठेवला. गुळगुळीत चकती. ती फोनवर. वडी ओतायची तर आधी तूप लावतात. लावलं. अंगठ्याने, चांगलं चोळून.
किंचाळली. "आजी, ती थाळी नाही गं! त्यावर रेघा होत्या!"
"मला नाही दिसल्या."
"डोळ्यांना दिसतच नाहीत, म्हणून तर..."
साचा खिडकीशी नेऊन उजेडात तिरपा धरला. रडली असती तर बरं होतं.
रेघा गेल्या, म्हणजे वडीतली खाच गेली. साचा एकच. नवा धुळ्यालाच होणार, आणि रविवारी जामनेरचे तिला बघायला येणार. संजू, तिचा बाप, म्हणे पाहुणे आधी. मी म्हटलं, साचा मी बिघडवला, पाहुणे मी सांभाळते. दिपू, पिशवी उचल, बस पकड.

८ फेब्रु., रवि
मुलगा आला, त्याची आई आली. मुलगी नाही. मी, पोहे आणि बाटल्या. एक चिलट सरळ बाईंच्या चहात.
"हाई काय शे, अक्का?"
"आमच्या पोरीचं काम शे."
मुलगा बाटलीशी वाकून बघत बसला. चहा गार केला. बाई म्हणे, "लग्नानंतर हे बठ्ठं, चिलटं-बिलटं, सोडेल ना?" संजूने 'हो' म्हणायला तोंड उघडलं, मी पोह्यांची बशी थेट त्या तोंडापुढे धरली. म्हटलं, तिलाच विचारा. बुधवारी ती घरी असेल, तेव्हा फोन करा.

९ फेब्रु., सोम. धुळे
मीपण गेले. नवी वडी, नवी खाच. दिपूने पहिल्याच झटक्यात अळी खाचेत बसवली. सर बराच वेळ मायक्रोस्कोपला डोळा लावून. मग, "पुढचं काम तूच कर." साचा दुसरा का केला, विचारलं. "घरी तूप लागलं, सर." माझं नाव घेतलं नाही.
मलाही बघू दिलं. आधी माझीच पापणी. मग अळी, आणि तिचं काळीज. शेपटाकडे असतं. धडधड, धडधड, मोहरीच्या दाण्याहून लहान. माझ्या नातीच्या वडीत.
बसमध्ये शेजारच्या बाईला सगळं सांगितलं. तिला झोप येत होती. उठवून सांगितलं.

११ फेब्रु., बुध
दुपारी जामनेरचा फोन. संजूला उचलू दिला नाही. दिपू संध्याकाळी येते. मुलगा बरा वाटला, वाकून बघणारा. पण ते माझं मत, कोणी मागितलेलं नाही.
फोन परत येईल. वाजू दे. संजूने नाही, सुनेने नाही, मीही नाही. दिपूनेच उचलायचा.