इथून फाडा

९ ऑगस्ट
पंकजच्या दुकानात कपडे धुवायच्या पावडरचे नवे पुडे आले. पंधरा ऑगस्टसाठी खास, म्हणे. वर भारतमाय, तिरंगी लुगडं, मागं सिंह. मी तलावाच्या घाटावर धुणं घेऊन बसली होती, हात ओले, नेहमीसारखा दातानं पुडा फोडला. मग पाहिलं. 'इथून फाडा'ची रेघ बरोबर मायच्या गळ्यावरून. मायचं मुंडकं माझ्या तोंडात. थुंकताही येईना, ठेवताही येईना. कोण्या शहाण्यानं छापलं असन हे? स्वतःच्या मायचा फोटो असा छापला असता का मेल्यानं?

११ ऑगस्ट
भजनात विषय काढला. मीच काढला. बाया तावातावानं बोलल्या, कारण प्रत्येकीनं आतापर्यंत दोन-तीनदा मायचा गळा फाडला होता. पुड्यावरच्या नंबरवर फोन लावला. पोरगी हिंदीत म्हणे, आपकी भावना हम आगे पहुँचा देंगे. मी म्हटलं, बाई, भावना राहू दे, तेवढी रेघ सरकव. तिनं गाणं लावून दिलं.
पंकजले म्हटलं, दुसरी पावडर ठेव. तर म्हणते, काकू, तालुक्याची एजन्सी माझ्याकडं आहे, दुसरी कायले ठेवू? गावात दुकान त्याचंच एक.

१४ ऑगस्ट
रिकाम्या पुड्यांचं काय करायचं? उकिरड्यावर टाकलं तर डुकरं लोळतात. चुलीत घातलं तर मायले जाळलं. मोठी जाऊ पार्बताबाई म्हणाली, जुन्या देवाच्या फोटोचं काय करतो आपण? तलावात सोडतो ना. गौर बुडवतो तिथंच. हळदकुंकू लावून सोडायचं. सगळ्यायले पटलं. मलेही.
ध. (नवऱ्याचं नाव तोंडानं घेत नाही, इथं एवढंच) जेवता जेवता म्हणाले, "कागद गलते. हे प्लास्टिक नाही गलत." मी म्हटलं, तुमाले जाळ्याबाहेरचं काही समजत नाही.

२८ ऑगस्ट
ध.च्या जाळ्यात आज मरळ एक अन् भारतमाय जाळंभर. सोडवता सोडवता जाळं फाटलं. परत पाण्यात टाकायले तयार नाहीत. म्हणाले, उद्या पुन्हा हेच काढू का? बांधावर ढीग घातला. त्यांचं बरोबर आहे, अन् तेच मले झोंबते. बाया अजून सोडूनच राहिल्या. आता बंद करा म्हणायची माझी हिंमत नाही. सुरू कोणी केलं, विचारतीन.

५ सप्टें.
कंपनीचे दोघं आले, कॅमेरा घेऊन, पंकजसंगं. मले वाटलं, पोचली वाटते भावना. सगळं सांगितलं. दात, गळा, रेघ, जाळं, सगळं. फार मन लावून ऐकलं त्यायनं. मग म्हणे, ताई, सोडता कसं ते एकदा दाखवा. दाखवलं. हात जोडा. जोडले. पुन्हा एकदा, उन्हाकडं पाहून.
मूर्ख बाई.

१३ सप्टें.
जाहिरात मोबाईलवर आली. मी गुडघाभर पाण्यात, पुडा सोडून राहिली, मागं सनई. खाली अक्षरं, 'जिथं पुडाही पुजला जातो.' मी बोलली त्यातला एक शब्द नाही. पार्बताबाई म्हणते, किती गोड दिसली ओ. माहेरचे फोन. पंकजनं पेढे वाटले. मले रडू आलं तर म्हणतात, आनंदानं.

१६ सप्टें.
बांधावरच्या ढिगावर कुत्रं झोपलं होतं. कोण्या पोट्ट्यानं फोटो काढून गावभर फिरवला. संध्याकाळी पंकज दारात, मागं उत्सव मंडळाचे पोट्टे. मंडळाचा अध्यक्षही तोच. म्हणते, हा धर्माचाही अपमान अन् देशाचाही. घट बसायच्या दिवशी ध.नं देवीच्या मंडपात सगळ्यांसमोर नाक घासून माफी मागायची. नाही तर गावात कोणी मासोळी घेणार नाही अन् सानगडीच्या बाजारात आम्हाले बसू देणार नाहीत.
मी म्हटलं, सोडायचं मी सुरू केलं, पुडे तू विकले, यायनं फक्त जाळं साफ केलं. गळ्यावर रेघ कोणी छापली ते विचार ना जाऊन.
तो हसला. "काकू, तुमची श्रद्धा तर सारा देश पाहून राहिला. तुमचा विषयच नाही."
मंडपाच्या दारावर मोठा फलक चढवला आहे. माय, सिंह अन् पायाशी पावडरचा पुडा. त्यानं कोणाच्याच भावना दुखल्या नाहीत.

२० सप्टें.
टोपली घेऊन सानगडीले गेली. नेहमीच्या बाया दुरूनच वळल्या. एकीनं ओळखलं, जाहिरातीतल्या तुम्हीच ना, म्हणून बाजूले उभी राहून फोटो काढला. मासोळी नाही घेतली. टोपली तशीच परत, बसमध्ये सगळ्यायनं नाक दाबलं.
मासेमार सोसायटीचे लोक घरी येऊन गेले. झुक एकदा, आमचा धंदा नको बुडवू, म्हणाले. तलाव सोसायटीचा, त्यायनं काढलं तर आम्ही जाळं टाकावं कुठं? ते गेल्यावर ध. म्हणाले, "मायले तर मी रोज हात जोडतो. पंकजले कायले जोडू?" मले लाज वाटली, अन् त्याहून जास्त राग आला, कोणावर ते समजलं नाही.

२२ सप्टें., सकाळ
आज घट. ध.नं पांढरा सदरा घातला. मले वाटलं होतं जाणार नाहीत. तेवढ्यात पंकजचा निरोप, काकूनं मंडळासोबत मायच्या मूर्तीच्या बाजूले उभं राहायचं, कंपनीचा कॅमेरा येणार आहे. ध.ले सांगावंच लागलं. बराच वेळ चपला शोधल्या त्यायनं, चपला समोरच होत्या. मग म्हणाले, "जाहिरातीतलीच साडी नेस. लोक ओळखतीन." चिडून नाही, टोमणाही नाही. नुसतं म्हणाले अन् निघाले.
मायच्या बाजूले उभी राहिली तर ध. माझ्यासमोर नाक घासतीन. त्यांच्या बाजूले बसली तर का बसली ते माईकवर सगळं सांगावं लागन, मग सोसायटीही ठेवणार नाही. ढोल सुरू झाला. दारातून ध. दिसून राहिले, वळणावर थांबले आहेत. मागं पाहत नाहीत, पण पुढंही जाऊन नाही राहिले.