मांडीवरचा पांढरा पुठ्ठा

प्रिय खारूताई,

तुझा फोटो पोचला. फोनवर मी तुला छान आलाय म्हणाले, ते खोटं नव्हतं. त्याच दिवशी मोठा छापून स्टुडिओच्या काउंटरवर उभा करून ठेवला. आपली जुनी खोड तुला ठाऊकच आहे. नवा फोटो आधी तिथे ठेवायचा, आपण दुसऱ्याच कामात असल्याचं सोंग करायचं आणि गिऱ्हाईक त्याच्याकडे किती वेळ बघतं ते चोरून पाहायचं. नटलेल्या नवरीलासुद्धा लोक एका नजरेत उरकतात. तुझ्यापाशी मात्र सगळे थांबतायत. पासपोर्टच्या फोटोला आलेले एक गृहस्थ कशाला आलो होतो तेच विसरून बघत राहिले. शेजारची शिंपीणबाई दोनदा आली, दोनदा बघून गेली, आणि काही बोलली नाही. ती, आणि न बोलता जाते! तिथेच माझ्या मनात पाल चुकचुकली.

कारण त्या फोटोत थांबण्यासारखं आहे काय? एक भिंत, एक खुर्ची आणि हसणारी तू. इतकी वर्षं हेच केलं, म्हणून सांगते, नुसता देखणा फोटो कुणाला धरून ठेवत नाही. नजर आधी उजेडाकडे जाते, मग डोळ्यांकडे, आणि सगळं जागच्या जागी असलं की पुढे निघून जाते. कुठेतरी काही जुळत नसलं तर मात्र परत परत तिथेच येते, आणि आपण काय शोधतोय हे बघणाऱ्यालाही कळत नाही. तुझं काय जुळत नाही ते मी दुपारभर शोधलं. ओठ हसतायत, खांदे हसत नाहीत. केस नेहमीपेक्षा पुढे ओढलेत. गळ्याभोवती स्कार्फ, आणि तुला तर लहानपणापासून गळ्याला काही लागलेलं खपत नाही. फोनचा कॅमेरा बिघडलाय म्हणून तीन महिने मला तोंड दाखवलं नाहीस, मग हा फोटो काय आकाशातून पडला? म्हण मला संशयी. बाबाही म्हणायचे, ही पोलिसात जायची ती चुकून स्टुडिओत आली.

शेवटी भिंग काढलं. डोळ्यांत वरच्या बाजूला खिडकीचा उजेड आहे, तो असायचाच. पण खाली, बुबुळाच्या काठाशी, आणखी एक पांढरा चौकोन आहे. दोन्ही डोळ्यांत. अगं, तो चौकोन मला ओळखू येणार नाही असं वाटलं तुला? मांडीवर पांढरा पुठ्ठा धरायचा, उजेड खालून चेहऱ्यावर येतो, डोळ्यांखालची काळी वर्तुळं आणि बसलेले गाल भरून निघतात. आजारी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवलेली ती आपली युक्ती. दहा वर्षांची होतीस तेव्हा पुठ्ठा कसा धरायचा ते मीच तुला शिकवलं होतं.

आता लिहितेय ते आठ वर्षं पोटात ठेवलंय. तू परीक्षेसाठी बाहेर होतीस तेव्हा तुला बाबांचा फोटो पाठवला होता, बघ कसे टवटवीत दिसतायत, असं लिहून. त्यांच्या मांडीवर पुठ्ठा होता. धरला त्यांनी, फोटो काढला मी. तुझं वर्ष बुडू नये, एवढंच आमच्या डोक्यात होतं. तू विश्वास ठेवलास, आणि घरी पोचलीस तेव्हा त्यांना बोलता येत नव्हतं. तू मला एका शब्दानं विचारलं नाहीस. पण तो फोटो तू आजही भिंतीवर लावून ठेवला आहेस, आणि वाढलीस ती याच स्टुडिओत. त्यांच्या डोळ्यांतला चौकोन तू केव्हाच पाहिला असशील.

चुकले मी. आपल्या माणसाला जपायचं म्हणजे त्याच्यापासून लपवायचं, हे तू माझ्याकडूनच शिकलीस. फोनवर हे बोलायला गेले की तू हसून विषय बदलतेस, म्हणून पत्र. काय झालंय ते मी इथून विचारत नाही. हे बुधवारपर्यंत तुला मिळेल. स्टुडिओची किल्ली शिंपीणबाईकडे दिली आहे, आणि गुरुवारी सकाळी मी तुझ्या दारात आहे. येऊ नकोस सांगायला फोन केलास तर उचलणार नाही. दार उघडशील तेव्हा फक्त स्कार्फ नको, आणि हसूही नको. जशी असशील तशी मला बघू दे.

तुझीच,
संशयी आई