बारा छेद अठरा

प्रिय अबोली,

फोनवर मी दोन वाक्यं बोलेपर्यंत तू हसतेस आणि माझं निम्मं बोलणं राहून जातं. म्हणून लिहितोय. आता हस, मला ऐकू येणार नाही.

गेल्या आठवड्यात निपाणीला तुझ्या शाळेत आलो, ते काही सहज नव्हे. लग्नानंतर आपण राहायचं कुठे, हे एकदाचं बोलून टाकायचं होतं. तू वर्गात होतीस म्हणून खिडकीशी थांबलो. फळ्यावर बारा छेद अठरा. पूर्णिमा नावाच्या त्या पोरीनं सहाने भाग लावून वरच्या बाराचे दोन केले आणि खालचे अठरा तसेच ठेवले. तू कारण विचारलंस तर म्हणाली, "बाई, खालचा मोठा हाय न्हवं, त्याला कसा हात लावायचा?" मला हसू आवरेना. पोरगी आमच्याच वडगावच्या घरात वाढल्यासारखी बोलत होती.

तू मात्र हसली नाहीस. अठरा पोरं उभी केलीस, त्यांत बारा मुली. सहा-सहांचे गट पाडलेस. गट झाले तीन, त्यांतले मुलींचे दोन. मग विचारलंस, "कोण घरी गेलं काय? न्हाय न्हवं? मग बाराचं दोन केलंस तर अठराचं तीन कर की. नुसता वरचाच लहान केलास तर किंमत बदलती गं." अपूर्णांकाचं अतिसंक्षिप्त रूप मी शाळेत मार्कांपुरतं शिकलो होतो. आकडे लहान होतात आणि कमी कुणीच होत नाही, हे या वयात तुझ्या खिडकीबाहेर उभं राहून कळलं. फार अभिमान वाटला तुझा. असं शिकवणं मला या जन्मी जमायचं नाही.

नंतर तुझ्यासोबत नुसता चहा पिऊन मी परतलो. जे बोलायला आलो होतो ते तोंडातून निघेना. सुनेनं नोकरी सोडून वडगावला यावं हे आईचं म्हणणं, आणि त्याला मीही मान डोलावली होती; म्हणजे नुसता वरचाच लहान करायला निघालो होतो. मी काही बोलायच्या आधीच तू राजीनामा लिहून ठेवलायस, महिनाअखेरीला देणार आहेस, हे काल तुझ्या आक्कांकडून समजलं. तो देऊ नकोस. निपाणी-बेळगावच्या मधे, संकेश्वरात दोन खोल्या बघून आलोय. सकाळी तू निपाणीची बस धर, मी बेळगावची. बेळगावच्याही पुढे, मच्छे गावातल्या कारखान्यात कामाला पोचेपर्यंत माझी जरा दमछाक होईल, होऊ दे. आईला सांगितलं तर दोन दिवस बोलली नाही. आज जेवायला वाढताना म्हणाली, "त्या खोल्यांत देवघराला जागा हाय का रं?"

तुझाच,
आशिष