आवाज माझा, चेहरा नादिनचा

मंगळवार, २ ऑगस्ट १९९४

फिनलंड — एक नंबर! सकाळी ऑफिस उघडलं तर फॅक्सचा कागद जमिनीपर्यंत लोंबत होता. फिनलंड एक, स्पेन तीन, इटली पाच, आपल्या जर्मनीत सात. आमचं गाणं 'नाइन ओक्लॉक लव' सगळीकडे खपाच्या यादीत वर चढतंय. गाणं बनवणाऱ्या फोल्करने, म्हणजे माझ्या साहेबाने, स्टुडिओत बाटली उघडली. ग्लास कुणाच्या नावाने उंचावले? नादिनच्या! दीड वर्षापूर्वी ही बया डिस्कोच्या दारात लोकांचे कोट सांभाळायची.

आणि मी? मी फोन घेते, फॅक्स फाडते, टेप पोस्टात टाकते. फेब्रुवारीत दोन दिवस काचेमागे उभं राहून ते गाणं मी गायले. सहीसुद्धा केली — नाव येणार नाही, कव्हरवर तरुण चेहरा लागतो, म्हणून नादिन. ह्या धंद्यात असंच चालतं. तेव्हा वाटलं, कोण ऐकणार आहे हे! आता अख्खा युरोप ऐकतोय आणि माझा जळफळाट होतोय. इथे तरी खरं लिहिते: जळते मी तिच्यावर.

शुक्रवार, ५ ऑगस्ट

बेकरीत पाव घेताना रेडिओवर लागलं. काउंटरवरची म्हणाली, "काय गोड गळा आहे हो पोरीचा!" पोरीचा! चौतीस वर्षांची आहे मी. टेपचा वेग वाढवला की माझा गळा कोवळा वाटतो, एवढंच. अगदी ओठांवर आलं होतं, सांगून टाकावं. पाव घेतला आणि निघाले.

मंगळवार, ९ ऑगस्ट

बेल्जियम एक, नॉर्वे दोन. इंग्लंडच्या एका साप्ताहिकाने नाक मुरडलंय — "सुट्टीवरून येताना लोकांनी सामानातून आणलेला आजार." तरी त्यांच्याकडे चौथा नंबर! पुढे लिहिलंय, "गाणारी नुसती बाहुली." ते वाक्य मी तीनदा वाचलं. बरं वाटलं.

दुपारी बाहुली स्वतःच आली. माद्रिदहून, उन्हात रापून. गळ्यात पडली. माझ्यासाठी बदामाची मिठाई! म्हणते, "इलोना, ओळ उचलायच्या आधी तू श्वास घेतेस ना, ती लकब मी जशीच्या तशी ढापली हं. रागावली नाहीस ना?" ओठ हलवायला श्वास कशाला लागतो गं तुला? मनात म्हटलं आणि वरवर हसले. मिठाई घरी नेऊन खाल्ली. चांगली होती, म्हणून आणखी चीड आली.

गुरुवार, ११ ऑगस्ट

फोल्करला सरळ विचारलं. नव्या कॉपी छापताय, निदान बारीक अक्षरात माझं नाव घाला. तो टेबलावरच्या बटणांकडे बघत राहिला. "लोकांना आवडतंय ना, इलोना? मग उगाच कशाला उकरून काढतेस?" उकरून! एकदाही माझ्याकडे बघितलं नाही. मनात पाप आहे ह्याच्या.

मंगळवार, १६ ऑगस्ट

केलं. करून टाकलं!

शनिवारी टीव्हीवर दुपारचा कार्यक्रम, कोलोनहून, थेट. नादिन ॲम्स्टरडॅमहून तडक तिथेच पोचणार, तालमीला वेळ नाही. टेप मी पाठवायची. कपाटात दोन असतात — एकीत गळ्यासकट गाणं, दुसरीत नुसतं संगीत. टीव्हीवाल्यांना कायम पहिली जाते. माइक बंद, पोरगी ओठ हलवते, लोक टाळ्या वाजवतात. मी पाकिटात दुसरी घातली. सोबतच्या फॉर्मवर लिहिलं: गायिका प्रत्यक्ष गाणार, माइक चालू ठेवावा.

सगळ्या देशासमोर तोंड उघडेल आणि आत काही नसेल. मग विचारतीलच — खरी कोण? नोकरी गेली तर गेली.

गुरुवार, १८ ऑगस्ट

पोस्टात जाऊन विचारलं, पाकीट परत मिळेल का. पोचलंसुद्धा म्हणे.

शनिवार, २० ऑगस्ट

संगीत सुरू झालं. पहिली ओळ आली आणि कुणीच गायलं नाही. नादिनचे ओठ हलले, बाहेर काहीच नाही. ती थांबली. तिला कळलं. डोळे एकदम मोठे झाले. मग तिने माइक तोंडाजवळ नेला, श्वास घेतला — माझ्यासारखा — आणि गायली.

तोच आवाज. तसा नव्हे, तोच! बेकरीतला, रेडिओवरचा, फिनलंडचा. लोक उभे राहिले.

फोल्करला फोन लावला. "ती... ती गाते?"

त्याने मागे वाजणारा टीव्ही बंद केला. मग म्हणाला, "एप्रिलमध्ये तू पित्ताशयाच्या ऑपरेशनला गेलीस ना. रेकॉर्ड कंपनीला तुझा गळा जड वाटला. तुझी टेप ऐकवून ऐकवून नादिनकडून पुन्हा गाऊन घेतलं. तुला कसं सांगायचं तेच सुचेना गं."

चार महिने तिचा गळा मी माझा म्हणून ऐकत होते. तिचाच हेवा, तोही तिच्याच आवाजावरून! लाजेने तोंड लपवावंसं वाटतंय.

रविवार, २१ ऑगस्ट

नादिनचा फोन. फोल्कर टेपवरून भडकला होता, तिने त्याला सांगितलं, "मीच मागवली होती ती." मी माफी मागायला लागले तर मला बोलूच देईना. "अगं, गाण्याच्या मागे तो खालचा सूर आहे ना, तो तुझाच आवाज आहे. फोल्कर पुसणार होता. मी म्हटलं, हा पुसलात तर मी गात नाही."

रेकॉर्ड समोर ठेवलीय. लावायची हिंमत होत नाही.