धुरपदाचा डावा अंगठा

शिरूर,
१४ फेब्रुवारी २००१

इनुस,
सलाम आणि दुआ.

परवा सोमवारी पुण्याच्या कामगार न्यायालयात मालकाच्या वकिलाने आपल्या कांदा वाळवण्याच्या कारखान्यातल्या अडतीस बायकांचे राजीनामे दाखल केले, म्हणून हे पत्र लिहिते आहे. फोनवर तू विषय बदलतोस. पत्र शेवटपर्यंत वाच.

अम्मींचा खोकला कमी आहे. दौंडच्या तुझ्या नव्या घराचा स्लॅब टाकून झाला, असं तुझा बिलाल सांगून गेला. मुबारक.

'मी स्वखुशीने नोकरी सोडत असून माझा सर्व हिशेब मिळाला आहे.' खाली अंगठा. तारीख २८ जून १९९९. म्हणजे गेटला कुलूप लागायच्या दोन दिवस आधी अडतीस जणींना एकदमच नोकरी नकोशी झाली! थकलेला चार महिन्यांचा पगार, नुकसानभरपाई, ग्रॅच्युइटी, कशावरही त्यांचा हक्क उरत नाही.

त्यांच्यातल्या धुरपदाच्या सोबतीला मी गेले होते. ती माझ्याजवळ उभी होती. "बाई, माजा हाय का त्यो?" मी चष्मा लावून कागद पाहिला आणि गप्प बसले. गप्प बसणं माझ्या स्वभावात नाही, तुला ठाऊक आहे.

परत आल्यावर शिरूर स्टँडवर न्हावऱ्याची गाडी लागेपर्यंत आम्ही बाकावर बसलो. तिथे तिला सांगितलं. आता तुला सांगते, तुला ते माझ्याआधीपासून माहीत असलं तरी.

अंगठ्याखाली 'डाव्या हाताचा अंगठा, धुरपदा. समक्ष' असं लिहिलंय. अक्षर माझं. सही माझी.

शहाण्णवच्या दिवाळीत बोनसवाटप होतं. मिठाईचा बॉक्स, बोनसच्या रजिस्टरवर अंगठा आणि शिवाय एका कोऱ्या कागदावर. मी विचारलं होतं. तू म्हणालास, "फंडाचा फॉर्म टाइप व्हायचाय, आपा. या बायका पुन्हा कुठं गोळा करायच्या? तारीख राहू दे, नंतर शिक्का मारू." सख्खा भाऊ, पर्सोनेल ऑफिसर. मी अडतीस कागदांवर साक्ष दिली. बी.ए. झालेली बाई, कोरा कागद मला दिसला नाही असं कसं म्हणू?

धुरपदा म्हणाली, "तवा तुमीच वरडला व्हता, नीट दाब, न्हाईतर बोनस अडकंल. लई नीट दाबला बगा, बाई." आणि हसली. तिने शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

मग तिने डावा हात माझ्यापुढे धरला. "आन् ह्ये जूनचं म्हंत्यात? जूनला कुठला अंगठा व्हता मला?"

मार्च सत्त्याण्णवमध्ये कांदे कापायच्या स्लाइसरमध्ये तिच्या डाव्या अंगठ्याचं पेर गेलं, ते मी विसरले नव्हते. पण कोर्टात माझी नजर माझ्याच सहीवरून हलली नाही. त्यानंतर ती पगाराला उजवा अंगठा देत असे. अपघाताची नोंद तूच केलीस, तुझ्या सहीने.

ते अपघात रजिस्टर मी जपून ठेवलं. कारखाना बंद झाला तेव्हा गठ्ठा माझ्या हातात देऊन म्हणाला होतास, "रद्दी है आपा, जला दो." मी कागद जाळत नाही. गेल्या महिन्यात येऊन तू माळ्यावर चढलास, जुनी गादी शोधतो म्हणालास. गादी खाली खाटेवरच होती.

आणखी एक. मालकाने माझा हिशेब पूर्ण दिला. चेक तू आणून दिलास. मला वाटलं, माझ्या बावीस वर्षांच्या कारकुनीची कदर झाली. तो माझ्या सहीचा मोबदला होता, हे परवा कळलं.

पुढची तारीख ५ मार्च. मी साक्षीला उभी राहणार आहे. कोऱ्या कागदावर अंगठे मी घेतले आणि कोणी घ्यायला सांगितले, दोन्ही सांगेन. तुझ्या आताच्या नोकरीवर संकट येईल म्हणशील. येईल. तुला लहानाचा मोठा मी केला, त्यामुळे हे लिहिताना हात जड झाला, एवढं खरं.

दुसऱ्या दिवशी ईद आहे. ये. धुरपदालाही बोलावलं आहे. तिच्या समोर बसून जेवता येत असेल तरच ये.

तुझी आपा,
राबिया

ता.क. पोचपावतीची नक्कल तुझ्या माहितीसाठी:
अपघात रजिस्टर, १९९५ ते १९९९, पाने ६४, एकही फाटलेले नाही. देणार: राबिया. घेणार: धुरपदा, राहणार न्हावरे. सर्व मजकूर आधी लिहून, दोनदा वाचून दाखवला. मग उजव्या हाताचा अंगठा.