आईचा इन्व्हर्टर

लोअर हट, जुलैतला, म्हणजे इथल्या ऐन हिवाळ्यातला मंगळवार, संध्याकाळ

वादळी वाऱ्यामुळे दुपारीच वीज गेली. मी कामावरून परतले तेव्हा आई दोन शाली पांघरून घर गरम ठेवणाऱ्या, पण आता बंद पडलेल्या हीट पंपासमोर बसली होती. हात गार, छातीत घरघर. थंडीने तिचा दमा बळावतो. मग शेजारच्या मार्गारेटकडे का गेली नाही? तिच्याकडे तर लाकडांवर चालणारा बर्नर आहे.

"अगं, यावर इन्व्हर्टर लिहिलंय ना! म्हटलं, आत्ता सुरू होईल, मग सुरू होईल."

पुण्यात इन्व्हर्टर म्हणजे वीज गेल्यावर धावून येणारी बॅटरी. इथे तो शब्द केवळ कॉम्प्रेसरचा वेग कमीजास्त करणाऱ्या यंत्रणेसाठी. हे मी तिला सविस्तर, आणि खरे तर आनंदाने, समजावले: हीट पंपाला केवढी बॅटरी लागेल, जनरेटर घराबाहेरच का ठेवायचा, धुराड्याच्या बर्नरला वीज का लागत नाही. आईने सगळे शांतपणे ऐकून घेतले.

"म्हणजे तुझा इन्व्हर्टर लाईट असेपर्यंतच शूर!"

आईची व्याख्या अचूक आहे. तरी 'इन्व्हर्टर' हा शब्द डोक्यातून जात नाही. पंप बसवला तेव्हा "आई, इन्व्हर्टरवाला आहे हं" असे कौतुकाने सांगणारी मीच. ती त्या भरवशावर थंडीत बसून राहिली.

बर्नर बसवायचे ठरले. पण परवानगी, धुराडे, सुकी लाकडे, सगळ्याला वेळ लागणार. तोवर काय?

तोवरची सोय आईनेच केली. पंपावरच्या त्या शब्दावर चिकटपट्टी लावली आणि वर लिहिले: "लाईट गेल्यास मार्गारेट."