तुळसाच्या स्मरणाचा उपदेश, पाच भागांत

२९ जानेवारी १९३४, सोमवार
तुळसा जाऊन महिना झाला. येत्या अकराला देवळात तिच्या स्मरणाची उपासना. उपदेश मीच करणार. पाळकसाहेब म्हणाले, मास्तर, दुःखात आहात, थोडक्यात आटपा. त्यांना कल्पना नाही. ख्रिस्ती मंडळीचे कित्येक जुने उपदेशक मूळचे वक्तृत्वाचे मास्तर होते. रोमी कोर्टातले शास्त्र त्यांनी देवळात आणले. शिकवा, रिझवा, मन हलवा. तेच मी रत्नागिरीत आणणार.

मुख्य काम चिमाला, आमच्या पोरीला, घरी आणण्याचे. आई गेल्यापासून पोर मावशीकडे आहे. गोदा म्हणते, भावोजी, पोर आपणहून येते म्हणाली तर न्या, नायतर मी राजापूरला नेते. उपदेश ऐकल्यावर येईलच.

१ फेब्रुवारी
उपदेशाचे पाच भाग: प्रस्तावना, कथन, प्रमाण, खंडन, समारोप. प्रस्तावनेचीच चार पाने झाली. शास्त्राच्या पुस्तकातले साध्या शैलीचे प्रकरण वगळले. ती किरकोळ विषयांसाठी.

६ फेब्रुवारी
कथनात अडलो. तुळसाविषयी तीन ओळी भरल्या. शेजारच्या मालनकाकींना विचारले, तिला काय आवडायचे? म्हणाल्या, मास्तर, बारा वर्षं संसार कोणी केला, मी? बाई फटकळ.

१० फेब्रुवारी, सकाळी
शास्त्र म्हणते, प्रसंग डोळ्यांपुढे उभा करा. शेवटची घटका घेतली. तिने माझा हात धरला, म्हणाली, चिमाला सांभाळा. वास्तविक मी तेव्हा खाडीपलीकडे भाट्याच्या वाळूत नव्या वर्षाच्या उपदेशाची तालीम करत होतो. ताप साधा वाटला होता. कोणी बोलवायला आले असते तर गेलोच असतो. भावार्थ मात्र खरा. आरशापुढे दोनदा रडू आले. चिमाची खाट झटकून ठेवली.

११ फेब्रुवारी, रविवार
प्रस्तावना उत्तम. लोक जरा चुळबुळले. हात धरण्यापाशी शास्त्राप्रमाणे थांबलो. तेवढ्यात चिमा उभी राहिली. आमच्यात साक्ष द्यायला कोणीही उठते, पण उपदेश संपल्यावर. म्हणाली, बाबा, तुमी नव्हतात. आईन मला धाडलान तुमाला बोलवायला. मी तरीतून भाट्याला आले. तुमी हातानं थांब म्हणालात. मी थांबले. मग तुमी परत पयल्यापासनं सुरू केलात.

सगळे देऊळ रडले. खंडनाची दोन पाने हातात होती, त्यात याला उत्तर नव्हते. पाळकसाहेबांनी प्रार्थना करून उपासना संपवली. ती वाळूत आल्याचे मला आठवत नाही. ऊन डोळ्यांवर असावे.

१२ फेब्रुवारी
राजापूरच्या मोटारीपाशी गेलो. चिमा खिडकीशी, शेजारी गोदा. गोदा म्हणाली, बोला काय ते, भावोजी, डायवर थांबायचा नाय. चल घरी, एवढेच बोलायचे ठरवले होते. 'चिमा, आजच्या या प्रसंगी' इथवर आलो. मोटार सुटली.